बासन, हरताळ आणि दाखलक्रमांक

एखादे प्रकरण बासनात गुंडाळले म्हणजे ते कायमचे मागे पडले आणि एखाद्या हक्काला हरताळ फासला म्हणजे तो नाहीसा केला, असा अर्थ आजच्या मराठीत घेतला जातो; परंतु हे दोन्ही वाक्प्रचार ज्या हस्तलिखितांच्या व्यवहारातून आले, त्या व्यवहारात या दोन्ही क्रिया ग्रंथाची निगा राखण्याच्या होत्या. पोथीची सुटी पाने दोन फळ्यांमध्ये घालून त्यांभोवती जे कापड घट्ट आवळले जाई ते बासन; धूळ, ओल आणि कसर यांना आत वाव राहू नये हा त्याचा हेतू. हरताळ हे पिवळ्या रंगाचे विषारी खनिज. नक्कल करणारा लहिया एखादे अक्षर चुकला की त्यावर या खनिजाचा लेप देई आणि लेप वाळल्यावर त्याच जागी शुद्ध अक्षर लिही. सुटलेला शब्द समासात लिहून त्याची जागा ओळीत काकपदाने, म्हणजे कावळ्याच्या पायासारख्या खुणेने, दाखवली जाई. पिवळ्या डागांनी आणि काकपदांनी भरलेले पान दिसायला ओंगळ खरे, पण कोणीतरी ते ताडून वाचले होते याची तीच खूण असते. कोऱ्या-नेटक्या पानाबद्दल तेवढी खात्री देता येत नाही.

या व्यवहारात ग्रंथ टिकत असे तो एखाद्या विशिष्ट प्रतीच्या रूपाने नव्हे, तर नकलांच्या परंपरेने. पान जीर्ण झाले की नवी नक्कल होई आणि जुनी पोथी पुष्कळदा नदीत विसर्जित केली जाई, कारण मजकूर पुढे गेल्यावर तिचे कार्य संपले अशी धारणा होती. छापखाना आल्यावर नकला थांबल्या, घरोघरच्या बासनांना वारस उरले तरी वाचक उरले नाहीत, आणि नेमक्या याच सुमारास महाविद्यालयाचे ग्रंथालय या कथेत प्रवेश करते.

मुंबई सरकारने १८६६ मध्ये हस्तलिखिते मिळवण्याचे काम हाती घेतले. जॉर्ज ब्यूलर, फ्रान्त्स कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पीटर पीटरसन या प्राध्यापकांनी गावोगाव हिंडून पोथ्या विकत घेतल्या किंवा त्यांच्या नकला करवल्या, आणि हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात वाढत गेला. परंपरेने जे जीर्ण म्हणून टाकून दिले असते, तेच इथे जुने म्हणून मोलाचे ठरले. हा बदल वरवर साधा वाटतो. प्रत्यक्षात ग्रंथाविषयीची समजूतच त्याने उलटी केली.

पोथीच्या शेवटी पुष्पिका असते, म्हणजे समाप्तीचा असा मजकूर की ज्यात नक्कल कोणी, कोणासाठी, कोठे आणि कोणत्या शकात वा संवतात केली हे पुष्कळदा नोंदलेले असते. कंबर आणि मान मोडून लिहिलेले हे लेखन तेलापासून, पाण्यापासून आणि मूर्खाच्या हातापासून जपा, अशी लहियाची विनवणीही तेथेच आढळते. ग्रंथालयाने त्याच बासनावर दुसरी ओळख चिकटवली, ती दाखलक्रमांकाची. त्यात कर्ता नाही, विषय नाही, ज्या घराने ती पोथी पिढ्यान्‌पिढ्या जपली त्याचे नावही नाही. आहे ते फक्त खरेदीचे वर्ष आणि त्या वर्षातला अनुक्रम. सरकारी हिशेबाला एवढे पुरेसे होते, इतिहासाला नव्हते, आणि ही उणीव नंतरच्या सूचींना पूर्णपणे भरून काढता आली नाही.

तरीही या कोरड्या क्रमांकांनी जे साधले ते मोठे आहे. ब्यूलर १८७५ मध्ये काश्मीरला गेले आणि तेथून शारदा लिपीतील, भूर्जपत्रावरील, म्हणजे हिमालयातील एका वृक्षाच्या सालीवरील, हस्तलिखिते त्यांनी आणली. त्यांतच महाभारताची एक खंडित प्रत होती. काश्मीरची आणि गुजरातची पोथी एका छपराखाली आली तेव्हाच त्यांच्यातील पाठभेद, म्हणजे एकाच जागचे भिन्न शब्द, डोळ्यांत भरू लागले. प्रती जुळवण्याची कल्पना नवी नव्हती. मूळचे कोपरगावचे आणि काशीत राहिलेले नीलकंठ चतुर्धर यांनीही सतराव्या शतकात निरनिराळ्या प्रदेशांतील प्रती गोळा करूनच महाभारतावर टीका लिहिली. मात्र नीलकंठांनी निवडलेला पाठ पुढे आला आणि निवडीचा पुरावा मागे राहिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे उपलब्ध प्रती ताडून सिद्ध केलेल्या आवृत्तीत, विष्णु सीताराम सुखटणकर यांनी नाकारलेले पाठही तळटीपांत छापले, जेणेकरून वाचकाला संपादकाशी पुराव्यानिशी भांडता यावे. १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये पुरे झालेले हे काम १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे झाले, आणि आदिपर्वाचा पाठ ठरवताना सर्वांत जास्त वजन मिळाले ते ब्यूलरांनी आणलेल्या त्या शारदा प्रतीला.

सरकारी संग्रह १९१८ मध्ये डेक्कन कॉलेजमधून भांडारकर संस्थेकडे गेला. त्या भूर्जप्रतीचा क्रमांक मात्र बदलला नाही. तो आजही १८७५-७६ चा १५९ असाच आहे.