घर आणि शेजार



भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूंची कित्येक कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी कलबुर्गीस बिऱ्हाड हलवितात. निघण्यापूर्वी यजमान माझ्या वडिलांस मुहूर्त विचारतात, घराची दिशा विचारतात. शेजार कसा असावा, हे क्वचितच कोणी विचारतो.

श्रीगुरुचरित्रात गाणगापूरची कथा आहे. संगमावर राहणाऱ्या श्रीनृसिंहसरस्वतींस ग्रामाधिपतीने गावात येण्याची विनंती केली. गावात अश्वत्थावरील ब्रह्मराक्षसाच्या भयाने एक घर ओस पडले होते. श्रीगुरूंनी त्या राक्षसास संगमी स्नानास धाडून त्याचा उद्धार केला आणि नेमक्या त्याच घरी मठ केला. जी वास्तू लोकांनी टाकली, तीच पुढे तीर्थ झाली.

आपण संसारी जन. ते सामर्थ्य आपणांत नाही. म्हणून ब्रह्मपूर असो वा आळंद रस्त्याकडील नवी वसाहत, वैशाखात नळास पाणी किती दिवसांनी येते, शाळा किती लांब आहे, हे अवश्य पाहावे. परंतु केवळ 'आपली माणसे' पाहून आळी निवडू नये. मध्यरात्री मूल तापाने फणफणले असता जे दार उघडते, ते आपले. त्या दारामागे कन्नड बोलत असतील, दखनी बोलत असतील. त्यांच्या भाषेतील चार वाक्ये शिकून जावे आणि त्यांच्या अडचणीस आपले दार प्रथम उघडावे.

श्रीगुरूंनी घरातील भय घालविले. आपण मनातील परकेपणा घालवू. तीच खरी वास्तुशांती.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥