विदुरनीती, अध्याय १ : पखालीचं एक छिद्र



आजचा श्लोक विदुरनीतीच्या पहिल्याच अध्यायातला, म्हणजे उद्योगपर्वाच्या ३३व्या अध्यायातला. संजय पांडवांकडून परत आलाय, निरोप उद्या सभेत सांगतो म्हणून निघून गेलाय, आणि धृतराष्ट्राला झोप लागत नाहीये. तो विदुराला बोलावून घेतो. त्या रात्रीच्या बोलण्यात एक छोटीशी उपमा येऊन जाते. माणसाची इंद्रियं पाच, पण त्यातल्या एकाला जरी छिद्र पडलं तरी त्याची प्रज्ञा तिथून झिरपून जाते, चामड्याच्या पखालीतून पाणी जावं तशी.

पखाल आपल्यापैकी फारशी कुणी पाहिलेली नसेल. मी गळकी गाडी पाहिलीये, म्हणून तिच्यावरून सांगतो.

गेल्या वर्षी इथे न्यू जर्सीत मी १९९४ची सेकंडहँड मियाटा घेतली. दोन सीटची, छप्पर मागे टाकता येणारी, कॉलेजपासूनची हौस. (बायको म्हणाली, "आणि मुलीला कुठे बसवणार?" उत्तर अजून दिलेलं नाही.) आठवड्याभरात गाडीखाली डाग दिसायला लागले. गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून ठिबकतंय, म्हणजे क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून गप्प घरी आलो.

मग म्हटलं, आपण दिवसभर ऑफिसात दुसरं काय करतो? बग शोधतो. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवायचा, चाकं कुठे येतात त्याची खूण करायची आणि सकाळी थेंबाची जागा, रंग, वास पाहायचा. एसी चालवल्यावर नुसतं पाणी पडलं तर सोडून द्या, ते पडायलाच हवं. हिरवट आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल. जवळजवळ बिनरंगी पण बोटांना बुळबुळीत लागलं तर ब्रेकचं किंवा क्लचचं फ्लुइड, आणि ते थेंबभर असलं तरी तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. माझा थेंब तपकिरी होता. इंजिन ऑइल.

पण पुठ्ठा फक्त काय गळतंय ते सांगतो, कुठून ते नाही. तेल खाली ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, आणि जी कड सगळ्यात खाली असेल तिथे येऊन त्याचा थेंब होतो. म्हणून आधी सगळं डीग्रीझरने धुऊन काढायचं, थोडी गाडी चालवायची, आणि मग टॉर्च घेऊन सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. माझ्या गाडीत ती ओल वर वर जात इंजिनच्या हेडच्या मागच्या टोकाला, कॅम अँगल सेन्सरपाशी जाऊन संपली. त्याला एक रबरी ओ-रिंग असते. तीस वर्षांत रबर कडक होणारच, त्यात बनवणाऱ्याचा काय दोष! रिंग दोन-चार डॉलरची. सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेची खूण केली, कारण तो जरासा फिरला तरी इग्निशनचं टायमिंग बदलतं. जागा इतकी अरुंद की दोन तास गेले, कोपर सोलून निघालं. पण ठिबकणं थांबलं.

आता माझी गळती.

रविवारी सकाळी मी साताऱ्याला आईला फोन करतो, आणि हल्ली खेकसतो. ती तेच तेच विचारते, जेवलास का, कधी येणार. मध्यंतरी एकदा म्हणाली, "तुला त्रास होत असेल तर नको करत जाऊस रे फोन." ते वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. माझं निदान ठरलेलं होतं, की मी तापटच, बाबांवर गेलोय. उपायही ठरलेला, दहा दिवसांचं ध्यान शिबिर, रजा मिळेल तेव्हा. म्हणजे गिअरबॉक्स उतरवण्याइतकाच मोठा, आणि म्हणूनच कधी न होणारा.

हा श्लोक वाचल्यावर पहिल्यांदा ओल वर शोधत गेलो. खेकसण्याच्या आधी काय? अपुरी झोप. त्याच्या आधी? शनिवारी रात्री दीड-दोनपर्यंत फोनवर बॅचमेट्सची प्रमोशनं, त्यांची नवी घरं बघत बसणं. बिचारी जीभ उगाच बदनाम. छिद्र डोळ्याला होतं.

बरं, सापडलं म्हणजे झालं असंही नाही. विदुराचं सगळं ऐकून झाल्यावर धृतराष्ट्र काय म्हणतो ते चाळिसाव्या अध्यायात आहे. तुझं मला पटतं, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते, अशा अर्थाचं. म्हणजे गळती कुठून आहे हे त्याला नेमकं, नावानिशी माहीत होतं! तिथे हात मात्र घातला नाही. पूर्वी हे वाचताना मला त्याचा संताप यायचा. आता तितका येत नाही.

कारण तीन शनिवार झाले, फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवतोय. दुसऱ्या शनिवारी बारा वाजता उठून घेऊन आलो. काल मात्र तिथेच राहिला. आज सकाळी आईशी पाऊण तास बोललो. शेजाऱ्यांशी कुंपणाच्या भिंतीवरून काय झालंय ते तिने पहिल्यापासून सांगितलं. शेवटी म्हणाली, "आज बरा आहेस ना रे?"

उद्या दुसरा अध्याय सुरू करू. रामकृष्ण हरी.