दोन्ही बाजूंचे ऐका, धम्माची बाजू घ्या



आपल्या वस्त्यांतून एक दुखणे घर करून बसले आहे. निवडणूक येते आणि जाते. पण तिने पाडलेली फूट जात नाही. एकाच विहारात वंदना घेणारी दोन घरे दोन पक्षांची होतात. जयंतीच्या दोन समित्या होतात, वर्गणीची दोन पावतीपुस्तके फिरतात, एकाच रस्त्याने दोन मिरवणुका निघतात. इथवरही चालून गेले असते. परंतु पुढे एकाच्या लग्नाला दुसरा जात नाही, मयतीला खांदा देत नाही, मुलांना ‘त्यांच्या’ ओट्यावर खेळायची मनाई होते. बहिष्कार म्हणजे काय हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांनीच आपसांत बहिष्कार घालावा, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

मतभेद हा दोष नव्हे. ज्याला स्वतःचे मत आहे त्याचा मतभेद होणारच. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे गट पडले. १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर १९७४ मध्ये दुभंगली. याबद्दल नेत्यांना बोल लावणे सोपे आहे. पण नेते दूर असतात. शेजाऱ्याशी अबोला धरणारे आपण असतो. म्हणून प्रश्न असा की, फूट पडली असता साध्या उपासकाचे कर्तव्य काय?

याचे उत्तर भगवान बुद्धांच्या चरित्रातच आहे. विनयपिटकाच्या महावग्गात कोसंबीच्या भिक्खूंच्या भांडणाची हकीकत आली आहे. कोसंबी ही वत्स देशाची राजधानी. तेथील एका भिक्खूने शौचकूपात वापरायच्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवले. तेवढ्यावरून, हा दोष आहे की नाही, असा वाद सुरू झाला. एका बाजूने त्याला दोषी ठरवून संघाच्या व्यवहारातून वगळले. त्याचे मित्र त्याच्या पाठीशी उभे राहिले. पाहता पाहता संघात दोन तट पडले. गोष्ट शब्दावरून हातघाईवर आली. भांडे आणि पाणी बाजूलाच राहिले, उरला तो हट्ट!

तथागतांनी काय केले ते नीट पाहा. ज्यांनी शिक्षा दिली होती त्यांच्याकडे ते गेले व म्हणाले की, केवळ आपल्याला वाटते म्हणून एखाद्या सुशील भिक्खूला वगळू नका. त्याने संघ फुटेल याचा विचार करा. मग ज्याला शिक्षा झाली होती त्याच्या बाजूकडे गेले व म्हणाले की, दोष लहान असला तरी संघ फुटू नये म्हणून तो कबूल करा. प्रत्येक बाजूला त्यांनी तिचेच कर्तव्य सांगितले. दुसऱ्याची चूक कोणती, हे कोणाच्याच हाती दिले नाही. आपण नेमके याच्या उलट करतो. दुसऱ्याचे दोष आपल्याला तोंडपाठ असतात आणि स्वतःचे कर्तव्य आठवत नाही.

भिक्खूंनी ऐकले नाही. भगवान, आपण स्वस्थ राहा, हे भांडण आमचे आम्ही पाहून घेऊ, असे म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली. तथागत एकटेच निघून गेले. तेव्हा कोसंबीचे उपासक जागे झाले. त्यांनी कोणत्याच तटाची पाठ थोपटली नाही. दोघांनाही वंदन बंद केले, भिक्षा बंद केली. आमच्या अन्नावर तुमचे भांडण पोसले जाणार नाही, हाच त्याचा अर्थ. भांडण टिकते ते भांडणाऱ्यांच्या जोरावर नव्हे. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या जोरावर टिकते.

मग ते भिक्खू समेटासाठी श्रावस्तीला निघाले. ते येत आहेत हे ऐकून अनाथपिंडिकाने विचारले, मी त्यांच्याशी कसे वागावे? तथागतांनी सांगितले : दोन्ही बाजूंना दान दे, दोन्ही बाजूंचा धम्म ऐक, आणि ऐकल्यावर जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत स्वीकार. विशाखेलाही हेच सांगितले.

या सांगण्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, माणसाची भूक पाहताना त्याचा तट पाहू नये. दुसरी, ऐकल्याशिवाय निवाडा करू नये. तिसरी, ऐकल्यावर मात्र गप्प बसू नये. सत्याची बाजू घ्यावी. करुणा म्हणजे बोटचेपेपणा नव्हे. जो आपल्या माणुसकीवर घाला घालतो त्याच्याशी लढलेच पाहिजे. पण हक्काची लढाई वेगळी आणि भावकीतला हट्ट वेगळा.

शेवटी भांडण मिटले कसे? वगळलेल्या त्या भिक्खूने धम्म व विनय यांचा स्वतःशी विचार केला आणि आपण होऊन म्हणाला, दोष माझाच आहे. एका माणसाने जबाबदारी घेतली आणि संघ पुन्हा एक झाला.

बाबासाहेबांनी हेच राजकारणात करून दाखवले. १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत ते बोलायला उभे राहिले तेव्हा मुस्लीम लीगचे सभासद बहिष्कार घालून बाहेर होते आणि काँग्रेसशी बाबासाहेबांचा जुना झगडा होता. त्यांनी कबूल केले की देश परस्परविरोधी छावण्यांत विभागला आहे व अशा एका छावणीचा कदाचित मीही पुढारी आहे. दोष दुसऱ्यावर ढकलण्यापूर्वी स्वतःचे नाव घेतले! आणि बहुमतवाल्यांना विनवले की विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्या, पण त्यांना बरोबर घ्या.

तेव्हा उपासकांनो, आपण एवढे करू या. विहाराच्या दारात पक्षाचे जोडे काढून ठेवू या. दुसऱ्या गटातील घरी आजार असो की मयत, बोलावण्याची वाट न पाहता जाऊ या. कानावर आलेली निंदा पुढच्या घरी न पोचवणे हेही शीलपालनच होय. मुलांना दुसऱ्याचा पक्ष शिकवण्याआधी त्याचे नाते शिकवू या. आणि वर्षावासात एक संध्याकाळ स्वतःला विचारू या : या फुटीत माझा हिस्सा किती?

मत ज्याला द्यायचे त्याला द्या. मैत्री मात्र सर्वांना द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!