अकरा फुटांचं वळण

पोळ्याच्या दिवशी गावातून बैल निघाले आणि त्यांच्या मागोमाग आप्पांचा नवा ट्रॅक्टरही निघाला. शिंगांना लावतात तसला बेगड आप्पांच्या नातवाने लोडरच्या दोन्ही टोकांना चिकटवला होता. मागच्या बॅकहोच्या दांड्याला झेंडूची माळ होती. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी झाली, तेव्हा म्हणे या यंत्राच्याही बॉनेटला हळद-तूप लावलं गेलं. कादवेकाठच्या, निफाड तालुक्यातल्या त्या गावात आता बैलांच्या जोड्या मोजून सहा उरल्या आहेत, त्यामुळे मिरवणुकीत गर्दी व्हायला कुणाचीच हरकत नव्हती.

दत्तू ओट्यावर उभा राहून बघत होता. त्याच्या डोळ्यांत त्या दिवशी एकही बैल भरला नाही.

त्याची तीन एकर द्राक्षबाग, मांडवावरची. वडिलांच्या वेळचा एका सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आता चढाला धाप टाकत होता. ऑक्टोबर छाटणीच्या आत नवा घ्यायचा हे घरात ठरलेलंच होतं, प्रश्न कोणता एवढाच. पोळ्याच्या संध्याकाळी त्याच्यापुरता तोही सुटला. पुढे लोडर, मागे बॅकहो. गावच्या भाषेत मिनी जेसीबी.

या शब्दाची एक गंमत आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्रज माणसाने १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या उटॉक्सिटर गावी एका छोट्या गॅरेजात काम सुरू केलं, त्याच्या नावाची ही आद्याक्षरं. आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, रंग पिवळा असो की निळा, माती उकरणारं ते जेसीबी. आणि माती उकरताना बघायला माणूस थांबतोच. मीही थांबतो. काम नसलेल्या माणसाला त्या लोखंडी पंजाइतकी करमणूक दुसरी नाही. अडचण एवढीच, की बघायला आवडणाऱ्या गोष्टीची आपल्याला गरजही आहे असं हळूहळू वाटायला लागतं.

दत्तूला वाटायला लागलं. मग कामंही दिसायला लागली. पाइपलाइनची चारी, बांधाकडेचा चर, मेलेल्या वेलांची खोडं, शेणखताचा ढीग. वर्षानुवर्षं जी कामं त्याने तक्रार न करता केली होती, ती एका आठवड्यात असह्य झाली.

शोरूममधला मुलगा हुशार होता. त्याने विचारलं नाही, सांगत गेला. चोवीस एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, पुढचं बकेट अमुक किलो उचलतं, मागचं अमुक फूट खोल जातं. अंगणात खडीचा ढीग होता. त्याने खडी उचलून दाखवली, ओतून दाखवली, जागच्या जागी वळूनही दाखवलं. अंगण अर्ध्या एकराचं तरी असेल. ट्रॅक्टरच्या किमतीवर लोडर-बॅकहोचे वरचे साडेचार लाख. कर्ज नऊ टक्क्यांनी, हप्ता सहामाही. दत्तूने घरी येऊन हे सगळं सुमनला सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अहो, आपल्या बागेत आणून बघितला का?"

"त्यात काय बघायचंय? आप्पांकडं चालतोय की."

"आप्पांच्या बागेत?"

आप्पांकडे आता बाग होती कुठे? एका गारपिटीनंतर त्यांनी बाग तोडून टाकली होती आणि घरापुरती वीस गुंठे ठेवली होती. पण एवढ्या बारकाव्यात शिरायची दत्तूची तयारी नव्हती. बायकोने मोडता घातला म्हणून चिडून, आणि मनातून थोडी धाकधूक वाटली म्हणूनही, त्याने डेमो मागवला.

डेमोला गाडीबरोबर एक वयस्कर फिटर आला. गुटख्याने दात गेलेला, कमी बोलणारा. येताच त्याने चहा नाकारला आणि बागेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. ओळीच्या शेवटचा अँगल तारांच्या ओढीने आत झुकू नये म्हणून त्याला बाहेरून ताण दिलेला असतो. त्या ताणाच्या खुंटीपासून बांधापर्यंतची मोकळी पट्टी त्याने पावलांनी मोजली.

"अकरा फूट," तो म्हणाला.

"आमचा जुना वळतो त्यात. एक ओळ सोडून घालायचा."

"जुन्याला नाक नाही. याला चार फूट नाक आहे."

"घाला तर खरं," दत्तू म्हणाला.

रात्री भुरभुर झालेली, काळी जमीन अजून वापशावर आली नव्हती. फिटरने बांधाच्या कडेने ट्रॅक्टर आणला, स्टिअरिंग पूर्ण तोडलं, एकदा मागे घेतला, पुन्हा पुढे. बकेट खाली ठेवलं तर बांधाला लागत होतं, वर उचललं तर समोरचं दिसत नव्हतं. तिसऱ्या वेळेला ओल्या मातीत चाक जरासं सरकलं आणि लोडरचा कोपरा ताणाच्या तारेत अडकला. टण्ण असा आवाज आला. खुंटी उपटून आली, शेवटचा अँगल आत कलला आणि दोनशे फूट लांबीची ओळ वाळत घातलेल्या दोरीसारखी सैल झाली. मांडव त्या टोकाला हातभर खाली आला.

कुणी काही बोललं नाही. फिटरने इंजिन बंद केलं, खाली उतरला, बॅकहोच्या उभ्या दांड्याकडे बघितलं, मग मांडवाच्या तारेकडे.

"आत गेलो असतो तर हीपण तुटली असती. तुमची तार साडेसहा फुटांवर, हा दुमडला तरी सातला जातो." मग जरा थांबून, "फवारणीचा ब्लोअर कुठंय तुमचा?"

"शेडमध्ये."

"लावणार कुठं?"

"मागे. लिंकेजला."

फिटरने बॅकहोवर हात आपटला. "मागं तर हा बसलाय."

खरं तर हे शोरूममध्येही दिसत होतं. ट्रॅक्टरला मागची जागा एकच. ब्लोअर लावा, रोटाव्हेटर लावा, नाहीतर बॅकहो लावा. काढता येतो, शोरूमवाल्याने पंधरा मिनिटं सांगितली होती. ती पक्क्या, सपाट फरशीवर, दोन माणसं हाताशी असताना. चिखलात पिना ओळीत येत नाहीत आणि हायड्रॉलिकचे पाइप सोडताना कचरा आत गेला तर पुढचं सगळं दुखणं आपलं. फिटरने आणखी एक सांगितलं. बॅकहो नुसता लिंकेजला टांगून चालत नाही, त्याला ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणारी वेगळी सबफ्रेम लागते. नाहीतर उकरताना बसणारे सगळे हिसके मागच्या हाउसिंगवर येतात. हे त्याने विकणाऱ्याच्या पगारावर असताना सांगितलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

संध्याकाळपर्यंत दत्तू आणि दोन गडी ओळ उभी करत होते. रात्री तो जेवला नाही. सुमनने ताट झाकून ठेवलं आणि फवारणीची वही काढली.

द्राक्ष निर्यात करणाऱ्याच्या घरी ही वही असतेच. कोणतं औषध, किती प्रमाण, कोणत्या तारखेला, काढणीच्या आधी किती दिवस, सगळं लिहावं लागतं. बहुतेक घरांत ती तपासणीपुरती लिहिली जाते. सुमन बारावी सायन्स होती आणि तिला मोकळे रकाने सहन होत नसत. तिने औषधाशेजारी डिझेल आणि वेळही लिहायला सुरुवात केली होती आणि वहीच्या मागच्या पानांवर भाड्याने आणलेल्या यंत्रांचा हिशेब.

"गेल्या वर्षी फवारण्या एकशे चार," ती म्हणाली. "एकेक अडीच तासांची. दोनशे साठ तास ब्लोअर मागं होता."

दत्तू गप्प.

"जेसीबी. तीन वर्षांत पाइपलाइनला तीन तास, चराला दोन, खोडं काढायला चार. नऊ तास. बाराशेनं दहा हजार आठशे." तिने पान उलटलं. "साडेचार लाखांचं नऊ टक्क्यांनी वर्षाचं व्याजच साडेचाळीस हजार."

"आणि शेणखत?"

"वर्षाला दोन दिवस. सप्टेंबरात. गडी वीस मिनिटांत ट्रॉली भरतात आणि तुम्ही बांधावर बसून मोबाइल बघता."

हे शेवटचं वहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दत्तू आप्पांकडे गेला. मनात थोडी खोड काढायचीही इच्छा होती. आपलं फसता फसता राहिलं, यांचं फसलं असेल, असं वाटण्यात एक सुख असतं. आप्पा गोठ्यात होते. चौदा संकरित गाई, रोजचं साडेतीनशे किलोच्या घरात शेण. आप्पांच्या पाठीचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं. लोडरने त्यांनी दत्तूच्या डोळ्यांदेखत दहा मिनिटांत गोठा मोकळा केला, मग त्याच लोडरने मुरघासाच्या खड्ड्यातून चारा काढून गव्हाणीपर्यंत आणला. बकेट जमिनीपासून वीतभर वर, गाडी सावकाश. गोठ्यापुढचं आवार ऐसपैस, वर तार नाही की बाजूला ताण नाही. त्या अंगणात ते यंत्र शोभत होतं.

"मागचं कुठं गेलं, आप्पा?"

आप्पांनी शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. बॅकहो ताडपत्रीखाली होता. पोळ्याची झेंडूची माळ तशीच, वाळलेली. ट्रॅक्टरच्या मागे लिंकेजला सिमेंट ओतून जड केलेला एक लोखंडी पिंप लटकत होता.

"ते मागचं काढलं आन् ओलं शेण भरून बकेट उचललं. मागची दोन्ही चाकं हलकी झाली रे. नातू शेजारी उभा होता. बकेट सोडलं म्हणून वाचलो. तेव्हापासून हा पिंप." आप्पा जरा वेळ पिंपाकडे बघत राहिले. "पुढचं रोज लागतं. त्याच्याबिगर माझा गोठा बंद पडंल. मागचं मुरघासाच्या खड्ड्याला एकदा लागलं."

"मग घेतलं कशाला?"

"तू बघत होतास ना पोळ्याला?" आप्पा हसले. "त्याच्यासाठी."

दत्तू हसला नाही, पण त्याचा राग गेला. आपल्यावरचा आणि शोरूमवाल्यावरचाही.

पुढची खरेदी सांगण्यासारखी नाही, कारण ती लवकर उरकली. तो टेप घेऊन गेला. पहिला प्रश्न त्याने पीटीओला किती एचपी मिळते हा विचारला, कारण ब्लोअर इंजिनाच्या आकड्यावर फिरत नाही, पीटीओपर्यंत जे उरतं त्याच्यावर फिरतो. मग रुंदी मोजली, मागच्या सेफ्टीच्या कमानीची उंची मोजली आणि ती दुमडते का ते स्वतः दुमडून बघितलं. फोर व्हील सोडलं नाही. लोडर घेतला नाही. शोरूमच्या मुलाने चहा मागवला होता, तो येण्याआधी कागद झाले.

छाटणीनंतर, बाग पोंग्यातून पुढे सरकत असताना, अवकाळी पाऊस झाला. डाऊनी रोगाला असा एक ओला दिवस पुरतो. पाऊस पहाटे तीनला थांबला आणि साडेतीनला दत्तू ओळीत होता. चारही चाकं चिखलात धरून चालली होती, अकरा फुटांत तो एका दमात वळत होता आणि ओळीच्या टोकाला नवा ताण बॅटरीच्या उजेडात चकाकत होता. सहाला तीन एकर संपलं. टाकीत थोडं औषध उरलं होतं. आप्पांच्या वीस गुंठ्यांकडे बघून त्याने गाडी घरी नेली नाही, टाकी पुन्हा भरली आणि तशीच पलीकडच्या बांधावरून आत घातली. आप्पा गोठ्यातून बॅटरी घेऊन आले, कोण आहे ते बघितलं आणि काही न बोलता परत गेले.

पुढच्या सप्टेंबरात शेणखताच्या पहिल्या दिवशी सकाळी सातला आप्पांचा ट्रॅक्टर दत्तूच्या उकिरड्यापाशी येऊन उभा राहिला. मागे पिंप, पुढे बकेट. आप्पा बागेच्या तोंडाशी आले नाहीत, ढिगाशीच थांबले. चार बकेटांत ट्रॉली भरत होती, दत्तूचा ट्रॅक्टर ती ओढून ओळीत नेत होता आणि गडी बोदाशेजारच्या चारीत खत टाकत होते. दोन दिवसांचं काम दुपारच्या जेवणाला संपलं.

रात्री सुमनने वही उघडली. तारीख लिहिली, काम लिहिलं, तास लिहिले. रकमेच्या रकान्यावर तिने थोडा वेळ पेन धरून ठेवलं. बारावी सायन्सच्या बाईला मोकळा रकाना चालत नाही. मग तिथे तिने लिहिलं, "सावड."

आप्पांच्या वहीत त्या दिवशी काय लिहिलं गेलं असेल ते सांगता येत नाही. आप्पा वही ठेवत नाहीत.