घरातील मतभेद आणि लक्कम्मांचे तांदूळ



गेल्या वर्षी सुरतेस उधना भागात एका भक्ताच्या घरी जाण्याचा योग आला. एकाच घरात दोन चुली दिसल्या. सून दुसऱ्या समाजातली, लिंगदीक्षा न घेतलेली. म्हणून सासूबाई तिच्या हातचे अन्न घेत नाहीत. ती चतुर्थीचा उपवास धरते, तोही त्यांना खपत नाही. मुलाने विचारले, "स्वामीजी, मी कोणाची बाजू घेऊ?"

याच सुरतेत १७४५ साली पारशी समाजात पंचांगावरून कदमी आणि शहेनशाही असे दोन पक्ष पडले. श्रद्धा एक, अग्नी एक. नववर्षाच्या दिवसात मात्र एका महिन्याचे अंतर. तेवढ्यावरून तंटे भरूचपर्यंत पोचले.

आता कल्याणातील एक घर पाहा. आयदक्की मारय्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून दासोह करीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मांनी ते शिजवले नाहीत. गरजेपुरतेच हवे, बाकीचे परत ठेवून या, असे सांगितले. मारय्या परत गेले. लक्कम्मांनी पतीस दूर लोटले नाही, तांदूळ दूर ठेवले.

यातून कसोटी मिळते. ज्या भेदाने कोणाच्या अन्नाला वा मानाला धक्का लागत नाही, तो पद्धतीचा भेद, तो सोसावा. जिथे धक्का लागतो तिथे गप्प बसू नये. सुनेचा उपवास पहिल्या प्रकारचा. वेगळी चूल दुसऱ्या प्रकारची. शरणांनी पंचसूतके नाकारली, त्यांत जातिसूतकही आले. मग छातीवर इष्टलिंग धारण करून सुनेचा विटाळ मानणे, हा आचार कसा?

त्या मुलास आम्ही सांगितले: आईला हे एकांतात विचारा, पत्नीसमोर नव्हे. पत्नीवरही दीक्षेची सक्ती नको. दीक्षा स्वतःच्या इच्छेने घ्यायची असते. आणि आईने नाहीच ऐकले, तरी तिच्या सेवेत उणे पडू देऊ नका.

आम्हांसही हे उशिरा उमगले. तरुणपणी अशाच एका मातेस 'आचारात ढिलाई नको' असे सांगून आम्ही निघून आलो. वर्षभरात ते घर दुभंगले. त्या माउलीने आमचा शब्द पाळला होता. चूक आमची होती.

म्हणून विनंती एवढीच: आज लिंगपूजा आटोपल्यावर, आपल्या घरात कोण वेगळे जेवते ते पाहा.

शरणु शरणार्थी.