शाळेचें अंगण

शाळा म्हटली कीं भिंती, बांकें आणि फळा यांचें चित्र डोळ्यांपुढें येतें. अंगण म्हणजे इमारत बांधून उरलेली जागा, अशी आपली समजूत झाली आहे. परंतु बालशिक्षणाचा इतिहास पाहिला तर उलटाच प्रत्यय येतो. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञानें १८४० सालीं जर्मनींत आपल्या बालशाळेस ‘मुलांचें उद्यान’ या अर्थाचें नांव दिलें, तें नुसतें रूपक नव्हतें. तेथें मुलांना स्वतःचे वाफे असत. मॅकमिलन भगिनींनीं १९१४ सालीं लंडनमधील डेप्टफर्डच्या गरीब वस्तींत जी शिशुशाळा काढली, तिचा प्राण बाग हाच होता. आपल्याकडे ताराबाई मोडकांनीं १९४५ पासून बोर्डीस काम करतांना, मूल शाळेंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणांत न्यावी, हा विचार रुजविला.

मग अंगणांत मूल असें काय शिकतें, कीं जें वर्गांत शिकवितां येत नाहीं? आमच्या मतें तें स्वतःला जोखावयास शिकतें. फांदीवर पाय ठेवण्यापूर्वीं ती आपला भार सोशील कीं नाहीं, हें त्याचें त्यालाच ठरवावें लागतें. कोरड्या वाळूचा किल्ला ढासळतो, ओल्या वाळूचा टिकतो; येथें चूक दाखवावयास गुरुजी लागत नाहींत. झोपाळा एक आणि मुलें चार असलीं, कीं न्याय म्हणजे काय याचा पहिला पाठ मिळतो. विवेकाचें बीज उपदेशापेक्षां अशा प्रसंगींच अधिक खोल जातें.

“पण मूल पडेल, त्याला लागेल!” असें पालक म्हणतात. ही भीति पोकळ नाहीं. मोडका झोपाळा दुरुस्त केलाच पाहिजे, शिक्षिकेची नजरही हवी. तथापि मुलाला संकटापासून जपणें निराळें आणि अनुभवापासून जपणें निराळें. दुसऱ्या प्रकारांत आपण आपल्या मनाची स्वस्थता विकत घेतों, आणि तिचें मोल मुलाच्या धैर्यानें चुकवितों. हा व्यवहार न्याय्य आहे काय?

शहरांत जागा महाग, हें खरें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेस क्रीडांगण आवश्यक मानलें. पण तो हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. ज्यांना मातीची गरज सर्वांत अधिक, तीं तीन ते सहा वर्षांचीं मुलें त्याबाहेर राहिलीं. जें कायदा मागत नाहीं, तें पालकांनींच मागावयास हवें. ‘अक्षरें केव्हां शिकवितां?’ असें आपण प्रवेशाच्या वेळीं शाळेस विचारतों. मुलांचे पाय मातीला कोठें लागतात, हेंही विचारूं या.