शेंबड्याचा रुमाल

एनिड ब्लायटनच्या 'फाइव्ह गो टु मिस्ट्री मूर' (१९५४) या पुस्तकात जिप्सींच्या तळावरचा एक पोरगा आहे, स्निफर. सारखं नाक ओढतो म्हणून स्निफर. मराठीत शेंबड्याच म्हणायचं. गोष्टीतली जॉर्ज नावाची मुलगी त्याला स्वच्छ रुमाल देते. तो घडी मोडत नाही. इतका चांगला रुमाल नाकाला कसा लावायचा? जपून खिशात ठेवतो आणि पुन्हा नाक ओढतो. लहानपणी या जागी मी पोट धरून हसलो होतो. परवा भाचीला वाचून दाखवत होतो, तर ती म्हणाली, "मामा, पण त्याला सगळे शेंबड्याच का म्हणतात?"

मदत केल्याबद्दल या पोराला मिळतं काय, तर सायकल आणि चाकं नसलेलं घर. ब्लायटनच्याच चार वर्षं आधीच्या दुसऱ्या पुस्तकातल्या जो नावाच्या फाटक्या पोरीचंही तेच. तिचीही शेवटी एका मायाळू बाईच्या घरी सोय लागते. ब्लायटनबाई दुष्ट नव्हत्या. फिरस्त्याच्या लेकराला भिंतीच हव्या असणार, याबद्दल त्यांना शंकाच आली नाही, एवढंच.

अशा गोष्टींची दुसरी जुनी खोड म्हणजे जिप्सींना पोरं पळवणारे ठरवण्याची. सर्व्हान्तेसच्या १६१३ मधल्या एका कथेत जिप्सींत वाढलेली देखणी, हुशार प्रेसिओसा शेवटी बड्या घरातून पळवलेली निघते. पोर इतकी गुणी, म्हणजे ती त्यांची नव्हेच! (झोळीवाल्याची भीती घालून पोरांना जेवू घालणाऱ्या आपण यावर फार हसू नये.) प्रत्यक्षात अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या हुकमाने रोमा, म्हणजे जिप्सी, मुलंच आईबापांकडून काढून शेतकऱ्यांच्या घरी ठेवली गेली. तीही सुधारण्यासाठी, म्हणजे भिंतींच्या आतच.

रूमर गॉडनच्या 'द डिडाकॉय'मध्ये (१९७२) मात्र फिरस्त्यांची गाडी नुसती हलत नाही, ती जळते. किझी आजीबरोबर एका बागेत घोडागाडीत राहते. शाळेतल्या मुली तिला छळतात. आजी जाते, आणि रिवाजाप्रमाणे तिची गाडी पेटवली जाते. सात-आठ वर्षांच्या पोरीचं सगळं घर तिच्या डोळ्यांदेखत जळतं. शेवटी किझीलाही घर मिळतंच, पण काय गेलं ते वाचकाने पाहिलेलं असतं. गॉडनबाईंचं बालपण बंगालमधल्या नारायणगंजात गेलं. परक्या अंगणातून बघायची सवय तिथलीच असावी, असं मला उगीच वाटतं.

आता रोमा माणसं स्वतः लिहू लागली आहेत. रिचर्ड ओ'नील हे इंग्लंडमधल्या फिरस्त्या रोमानी कुटुंबात वाढलेले कथेकरी. कॅथरीन क्वार्म्बींबरोबर लिहिलेल्या त्यांच्या गोष्टीतली ओसिरी भंगार गोळा करणाऱ्या घरातली. ती त्या भंगारातूनच एक वाद्य बनवते. ते भयंकर वाजतं. घरचे कानांवर हात ठेवतात, पण डोंगरातल्या राक्षसाला ते फार आवडतं. भाचीलाही आवडलं. या गोष्टीत कुणी कुणाला घर देत नाही, रुमालही देत नाही.

ब्लायटनच्या त्या पुस्तकात स्निफर वाटेवर खुणा ठेवतो. काड्या आणि पानं. त्या खुणांना 'पॅट्रिन' म्हणतात, असं तो मुलांना सांगतो. रोमा लोकांच्या रोमानी भाषेत पॅट्रिन म्हणजे पान. गणपतीला आपण वाहतो ती पत्री त्याच कुळातली. हजारेक वर्षांपूर्वी इकडून निघालेल्या या भाषेत पाणी 'पानी'च राहिलं आणि नाक 'नाख'.

मुलाला मात्र ते 'छावो' म्हणतात. आपला छावा हत्तीचा किंवा सिंहाचा, त्यांचा माणसाचा. भाचीने पेन्सिलीने पुस्तकातल्या एका 'स्निफर'वर काट मारली आणि वर छावो लिहिलं. पुस्तक वाचनालयाचं आहे, दंड मीच भरणार.